पहिल्या खुर्चीची तीन बटणं

रविवार, ४ ऑगस्ट

प्रिय टिटवी,

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला डिझेलचा वास येत होता, म्हणजे सामानाच्या जीपमधूनच खाली उतरलेलं दिसतंय. वारा मोजायला एवढ्या उंच डोंगरावर माणूस ठेवतात आणि त्या माणसाला साधा फोन लागत नाही, याची मला गंमत वाटते.

आधी बरी बातमी सांगते. मोठ्या हॉस्पिटलने मला बोलावलंय. गाव इथून लांब आहे, पण कपड्यांचा सगळा विभाग माझ्या हाताखाली असेल. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे कपडे, सगळं. राहायला खोली देतायत. इथे लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून माझ्या पायांच्या शिरा वर आल्यात. तिथे निदान बसायला मिळेल. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं.

आईला अजून सांगितलेलं नाही. आई हे घर सोडणार नाही, कारण तुझा दादा आला तर दार कोण उघडणार. आणि मी जायचं म्हणजे 'तो आता येत नाही' हे कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं. बंदरातले तरंगते दिवे तपासायला तो सकाळी गेला, बोट इंजिन चालू असलेली, पाण्यात गोल गोल फिरताना सापडली, आणि तो सापडला नाही. याला सात वर्षं झाली. सात वर्षांत या घरात ते वाक्य कुणी बोललेलं नाही. रागावू नकोस, पण तूही नाही.

आता दुसरी गोष्ट. ही लिहावी की नाही यावर मी सकाळपासून खल करतेय.

शनिवारचा पोकर चालू आहे, तुला माहीतच आहे. अजूनही आईच वाटते. बाकी जगात वाटणारा दर डावाला बदलतो म्हणे, पण आईच्या टेबलावर आईच. त्यामुळे पैज लावायची की सोडायची, ते तिच्या डाव्या हाताची खुर्ची कायम पहिली बोलते, आणि ती खुर्ची दादाची. त्याच्यापुढे पैशांऐवजी लावायची त्याची बटणं तो गेला त्याच्या आधीच्या शनिवारी होती तशीच आहेत. आईच्या शिवणाच्या डब्यातली ती काळी, ओव्हरकोटाची. मी त्यांच्या कडेकडेने फडकं फिरवते. आई त्याला दर डावाला दोन पत्ते वाटते, ते पालथे पडून राहतात, आणि मग माझ्यापासून बोलणं सुरू होतं. माझ्यानंतर वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, मग आई. तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवलीय. आई म्हणते, ती पत्रं पाठवते, तिला पत्ते कशाला.

काल दुपारी डाव मध्येच थांबवून मी आईच्या डोळ्यांत औषध घातलं. चारची वेळ असते. बाटलीला बूच लावून वळले तर दादाच्या ढिगातली तीन बटणं पुढे सरकलेली होती. नीट एकावर एक. तो पैज वाढवायचा तशी.

डॉक्टर आपले पत्ते छातीशी धरून होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "अरे वा, आज बोलला."

आम्ही तिघांनीही पत्ते टाकून डाव सोडला. दुसरं काही सुचेना. तू मोजमापवाली आहेस, तूच सांग हे काय आहे.

तुझी,
वहिनी

शुक्रवार, ९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

हे काय आहे ते मी सांगते. हे आपलं टेबल आहे, ज्याचा एक पाय लहानपणापासून आखूड आहे. नाहीतर हे डॉक्टर आहेत. त्या माणसाने आयुष्यभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगून दात उपटलेत, त्यांना तीन बटणं सरकवणं काय जड आहे? भूतबीत डोक्यातून काढून टाक. इथे वाऱ्याने दारं वाजतात, पत्रे ओरडतात, आणि मी एकटी राहते. मी घाबरायचं ठरवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात वेडी झाले असते.

पण दादाचं नाव निघालं आणि मला त्याचं सगळं पुराण आठवलं. आठवतंय ना? टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून सांगायचा: "पहिल्या खुर्चीवरच्याला काही म्हणजे काही माहीत नसतं. त्याने तोंड उघडलं की मागचे सगळे त्याच्याकडे बघून आपापलं ठरवणार. म्हणून बहुतेक पत्ते गुपचूप टाकून द्यायचे. मोठी जोडी आली, एक्का-बादशहा आले, तरच आत यायचं. आणि यायचं तर वाढवूनच यायचं. नुसती बरोबरी करून मागच्यांच्या दयेवर बसायचं नाही. एक तर वाढव, नाहीतर टाक."

आणि दर वेळी तीनच बटणं. चांगल्या पत्त्यांना पाच आणि वाईटांना दोन असं केलं तर लोकांना चेहरा वाचायची गरजच राहत नाही, म्हणायचा. तासन्‌तास पत्ते फेकत बसायचा तो. आई चिडायची, खेळायला बसलास की झोपायला. मग एकदम तीन बटणं पुढे यायची आणि टेबलावर सगळ्यांचं धाबं दणाणायचं. एवढ्या वेळाने बोललाय म्हणजे असणारच, असं वाटायचं. कधीकधी हातात धुपाटणंसुद्धा नसायचं. पण हूल तो वर्षातून चार-पाच वेळाच द्यायचा, म्हणून ती कायम पचायची.

तर पुन्हा तसं झालंच तर पत्ते टाकून पळू नका. त्याचे पत्ते उलटून बघ. सत्ती-दुर्री निघाली की समज, डॉक्टर. आणि बटणं नीट बघ. सरळ होती ना सगळी? सहज विचारते.

नोकरीचं फार छान झालं. पण आईचा प्रश्न आहेच. तू एकदा तिच्याशी बोलून बघ, मग मी काय ते लिहीन. तू आधी बोललीस तर बरं पडेल.

तुझी,
टिटवी

रविवार, १८ ऑगस्ट

प्रिय टिटवी,

'तू आधी बोललीस तर बरं पडेल' हे वाचून मी हसले आणि मग मला रागही आला. तुझा दादा सांगायचा ते तुम्हा दोघा भावंडांत तुलाच चांगलं कळलेलं दिसतंय. असो.

दहा तारखेला काहीच झालं नाही. मला वाटलं सुटलो.

काल पुन्हा झालं. मी मुद्दाम सगळ्यांवर नजर ठेवून होते. डॉक्टरांना मी खिडकीजवळच्या बाजूला बसवलं होतं, हात पुरणार नाही इतकं लांब. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली होती. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं, दार बंद, पंखाही बंद. चार वाजले, आईने मान मागे टाकली, मी एका हाताने तिची पापणी धरून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. डॉक्टर चष्मा पुसत होते. वळले, तर तीन बटणं पुढे.

तू लिहिलं होतंस म्हणून धीर करून त्याचे पत्ते उलटले.

दोन बादशहा. बदामचा आणि किलवरचा.

डॉक्टर एवढे पांढरे पडले की मीच त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, "मागच्या वेळच्या पत्त्यांचं मी तुम्हाला बोललो नाही. तुम्ही कपबशा आत नेल्यात तेव्हा मी बघितले होते. दोन एक्के होते." टिटवी, त्यांची कवळी वाजत होती. एरवी चांगले पत्ते आले की दात दाखवून हसतात आणि हरतात, तो माणूस. त्याला हूल देता येत नाही, हे तुलाही माहीत आहे.

म्हणजे जो कोणी बटणं सरकवतोय तो पत्ते बघून सरकवतोय. बाकीचे सगळे डाव तो गप्प असतो. चार तासांत एकदा बोलतो, आणि तेव्हा त्याच्या हातात असतं. हे कोण खेळायचं असं? मला त्या खुर्चीकडे पाठ करून स्वयंपाकघरात जाता येत नाही. घरी आले की आधी ती खुर्ची बघते. काल तिच्या पाठीवर माझा टॉवेल होता, तो मी कधी टाकला ते आठवेना, आणि मी चक्क 'सॉरी' म्हणून तो उचलला.

आई मात्र खूश आहे. पहिल्यापेक्षा जास्त जेवते. काल झोपताना मला म्हणाली, "तो घरात असताना तू कुठे जाऊ नकोस हां." मी नोकरीचं काहीएक बोललेले नाही. तिला कसं कळलं?

हो, तू विचारलंस म्हणून बघितलं. खालची दोन सरळ होती, चकचकीत बाजू वर. सगळ्यात वरचं उलटं होतं. मळकी बाजू वर. त्याचं काय?

तुझी,
वहिनी

शुक्रवार, ६ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

दरड कोसळली होती, रस्ता बंद होता, असं लिहिणार होते. खोटं आहे. जीप दोनदा येऊन गेली. तुझं पत्र माझ्या उशाखाली होतं आणि मला उत्तर लिहिता येत नव्हतं.

वरच्या बटणाचं सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही, आणि दादाने मला शपथ घातली होती म्हणून त्यानेही नसणार.

मी आठ-नऊ वर्षांची असताना मोठ्यांच्यात खेळायला बसायला लागले. दादाने तीन बटणं टाकली की मी रडकुंडीला यायचे. पत्ते चांगले असले तरी भीतीने टाकून द्यायचे. आई वैतागायची. मग एकदा जिन्यात बसून दादाने मला सांगितलं, "ज्या दिवशी माझ्याकडे काही नसेल त्या दिवशी मी वरचं बटण उलटं ठेवीन. ते फक्त तुझ्यासाठी. उलटं दिसलं की घाबरायचं नाही. माझ्या हातात काही नाही, तू तुझं खेळ." मी खेळायचे आणि जिंकायचे. दादा हरायचा आणि आईला वाटायचं, पोरगी तयार झाली.

मी मोठी झाले, तरी तो ते करायचा. मी इकडे निघाले त्याच्या आदल्या शनिवारीसुद्धा केलं होतं.

आता मला समजत नाहीये ते हे. दोन बादशहा हातात असताना तो बटण उलटं का ठेवेल? पत्ते म्हणतायत आहे, बटण म्हणतंय नाही. मी इथे रोज वाऱ्याचा वेग लिहिते. एकाच वेळी दोन उलट आकडे आले की यंत्र बिघडलं असं आम्ही धरतो. पण ते बटण दादाशिवाय कुणाला माहीत नव्हतं, वहिनी. कुणालाच.

तू मला हसशील. मी पंधरा दिवस असं धरून चाललेय की तो आहे. कुठेतरी आहे, आणि काहीतरी सांगतोय. म्हणून तुला हात जोडून सांगते, त्या हॉस्पिटलला इतक्यात काही कळवू नकोस. मी रजा टाकलीय, मी येते. तोवर थांब. सात वर्षं थांबलीस, आणखी एक महिना थांब.

तुझी,
टिटवी

रविवार, १५ सप्टेंबर

प्रिय टिटवी,

तुझं पत्र मी लाँड्रीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून वाचलं आणि तिथेच मोठ्याने रडले. मुकादमबाई धावत आल्या, त्यांना वाटलं हात भाजला.

'आणखी एक महिना.' तुला माहीत आहे, हे मला पहिल्या वर्षी बंदरातल्या लोकांनी सांगितलं होतं. मग आईने. मग मी स्वतःच. मी तुझ्यावर चिडलेली नाही, पण आता स्पष्ट लिहिते. तुम्ही सगळे माझ्या मागे बसलात, टिटवी. आई म्हणते टिटवीला विचार. तू म्हणतेस आईशी बोल. डॉक्टर म्हणतात तुमच्या घरातलं मी काय बोलणार. दादाची खुर्ची पहिली, आणि तो बोलत नाही, म्हणून कुणीच बोलत नाही. आणि मी सात वर्षं नुसती बरोबरी करत बसलेय. वाढवत नाही आणि टाकत नाही. त्याला हे खेळणं मुळीच आवडलं नसतं.

बटणाचं वाचून मला काय वाटलं ते सांगू? तुला ते कोडं वाटलं. मला नाही वाटलं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या हातात काही नाही, घाबरायचं नाही, तू तुझं खेळ. मला वाटलं हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणीही. आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्या खुर्चीची भीती गेली.

काल शनिवार. आई पत्ते पिसत होती. मी उठले आणि त्याच्या खुर्चीत बसले.

आईचे हात थांबले. डॉक्टरांनी उगाच खिशात काहीतरी शोधायला सुरुवात केली. खुर्चीची बैठक एका बाजूला खचलेली आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्याची बटणं मी हलवली नाहीत, माझी उचलून त्यांच्या शेजारी ठेवली. म्हटलं, "वाटा, आई."

तिने वाटले. मला दोन, डॉक्टरांना दोन, स्वतःला दोन. चौथे दोन हातात घेतले, इकडे तिकडे बघितलं आणि पुन्हा गड्डीत ठेवले.

तिथून कसं दिसतं ते तुला सांगते. सगळे तुझ्याकडे बघत असतात आणि तुला कुणाचंच काही कळत नाही. इतकं एकटं वाटतं. दर शनिवारी तो असा बसायचा आणि मला वाटायचं मजेत आहे.

मी पत्ते बघितले. इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. याहून वाईट पत्ते मिळत नाहीत. मी तीन बटणं पुढे सरकवली आणि म्हणाले, "आई, तो आता येत नाही. मी एक तारखेपासून हॉस्पिटलच्या नोकरीवर जातेय."

डॉक्टरांनी पत्ते टाकले. आई कितीतरी वेळ माझ्या बटणांकडे बघत होती. तिला एवढ्या अंतरावरचंही नीट दिसत नाही, पण बघत होती. हात लांब करून तिने ती तिन्ही चाचपली, एकेक. मग म्हणाली, "टाकले." आणि थोड्या वेळाने, "डबा मोठा ने. वाटेत काही मिळत नाही."

ती आत गेल्यावर डॉक्टरांनी तिचे पत्ते उलटून बघितले. दोन राण्या होत्या.

मी सकाळीच हॉस्पिटलला हो कळवलं. तू ये, पण मला थांबवायला येऊ नकोस. आईसाठी ये.

तुझी,
वहिनी

ता. क. माझा जुना ओव्हरकोट कपाटात ठेवून जातेय. त्याची बटणं तुटलीत, सेफ्टी पिन लावून किती वर्षं काढली. तशी बटणं आता त्या ढिगातच आहेत, आणि ती मागायची हिंमत मला कधी झाली नाही. थंडी पडायच्या आत कुणाकडून तरी साधी चार लावून पाठव.

रविवार, ६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तू गेल्यावर तीन दिवसांनी मी पोचले. स्टेशनवरून येताना ठरवत होते की आईवर ओरडायचं. दार उघडलं तेव्हा ती एवढीशी दिसली की बॅग तिथेच टाकून मी तिला धरलं. जेवण होईपर्यंत आम्ही दोघी हवापाण्याचं बोललो. माझ्या नोकरीचा तेवढा एक उपयोग.

काल शनिवार. भिंतीजवळची माझी खुर्ची ओढून मी आईच्या उजव्या हाताला बसले. चार वाजले. डॉक्टर म्हणाले, औषध. मी बाटली घेतली, आईची पापणी धरली, आणि मला एकदम कळलं. थेंब घालताना माणूस फक्त डोळ्याकडे बघतो. तुला वाटलं तू आईवर नजर ठेवलीयस. तू तिच्या डोळ्यावर ठेवली होतीस. तिचा डावा हात कुठे होता ते तू बघितलंच नसणार, आणि दादाची खुर्ची तिच्या डाव्या कोपराशी आहे.

मी बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "आई, बटणं तू सरकवत होतीस ना?"

"मीच," ती म्हणाली. एका शब्दाचीही खळखळ केली नाही. "वाटताना त्याचे पत्ते जवळ धरून बघायचे. चांगले आले तरच. वाईट पत्त्यांवर त्याने कधी सरकवली असती का?"

"पण कशासाठी?"

"हॉस्पिटलचं पाकीट पोस्टमनने माझ्याच हातात दिलं होतं. डॉक्टरांनी वाचून दाखवलं. ती जाणार हे मला तेव्हाच कळलं. मला वाटलं, तो आहे असं तिला वाटलं तर राहील." मग म्हणाली, "मला एकटीला नव्हतं राहायचं गं, टिटवे."

डॉक्टर तळहातांकडे बघत बसले होते. पत्र वाचल्याचं त्यांनाही तुला सांगता आलं नव्हतं. बटणांचं मात्र त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यांचा चेहराच सांगत होता. मला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. पंधरा दिवस मी डोंगरावर बसून त्याच हुलीला भुलले होते.

मग मी म्हटलं, "बाकी सगळं समजलं. पण वरचं बटण उलटं ठेवायचं तुला कुणी सांगितलं?"

"कुठलं उलटं?"

"सगळ्यात वरचं. मळकी बाजू वर."

आई चिडली. अशी चिडली की मला लहानपणची आई आठवली. "चाळीस वर्षं बटणं शिवली मी. डोळे गेले असतील, बोटं गेलेली नाहीत. तिन्ही सरळ ठेवली होती मी. दोन्ही वेळा. बटणाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे मला कळत नाही होय?"

वहिनी, मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तू ते ठेवलेलं नाहीस, तुला त्याचा अर्थच माहीत नव्हता. मी तिथे नव्हते. भर दुपारी माझ्या हातांवर काटा उभा राहिला आणि तो बराच वेळ गेला नाही.

मग मी आईला सांगून टाकलं. जिना, शपथ, सगळं. 'माझ्या हातात काही नाही, तू तुझं खेळ.' आई ऐकत होती. शेवटी त्या खुर्चीकडे तोंड करून म्हणाली, "म्हणजे माझी हूल पकडलीस तू."

गेलेल्या माणसाशी हळुवार बोलतात तसं नव्हतं ते. रागाने म्हणाली, जिवंत मुलाला म्हणावं तसं. आणि मग ती रडली. सात वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. डॉक्टर उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी हे सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं. आईला वाटतं तसं नसेल, तिचं बोट घसरलं असेल, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. तेवढ्यापुरतं पटतं. मी बंदराच्या हवामान कचेरीत बदली मागितलीय. मिळेल असं वाटतं. मी इथेच राहीन, तू काळजी करू नकोस.

आज सकाळी आईने दादाचा ढीग स्वतःच्या हाताने आवरला. तुझा कोट कुठे आहे ते विचारत होती.

तुझी,
टिटवी

रविवार, १० नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

कोटाचं पार्सल परवा आलं. इथे थंडी चांगलीच पडलीय. कपडे वाळवायच्या खोलीत मी मुद्दाम काम काढून जाते.

तुझं ते पत्र आल्यापासून मी खोलीतली एकुलती एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. हसू नकोस. बसायची वेळ आली की ओढायची आणि पुन्हा फिरवून ठेवायची. काल कोट तिच्या पाठीवर टाकला आणि ती टेबलाशी लावली.

काळी बटणं लगेच ओळखू आली. टाके बारीक, एकसारखे, धाग्याची मान वळवून पक्की केलेली. हे तू शिवलेलं नाहीस, तुझा टाका मला माहीत आहे. आईने बोटांनीच ओवलं असणार. खालची सगळी सरळ आहेत. सगळ्यात वरचं, गळ्याजवळचं, उलटं शिवलंय. मळकी बाजू वर.

चाळीस वर्षं बटणं शिवलेल्या बाईच्या हातून हे चुकून होत नाही. मी ते लावून आरशापुढे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग तशीच कामावर गेले. एक नर्स म्हणाली, अहो, तुमचं बटण उलटं लागलंय. मी म्हटलं, राहू दे, ते तसंच आहे.

आईला सांग, पोचलं. आणि सांग की मी घाबरत नाही.

तुझी,
वहिनी